तुझ्या शिडाचं कापड

श्रीरामपूर,
नेवासा रोड

प्रिय हर्षल,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, त्यावर फार विसंबू नकोस. आपण वेगळे झाल्यापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. लिहायला बसलेच असते तरी शिव्यांपलीकडे काही सुचलं नसतं. पण आता कारण तूच दिलंस. दिवाळी झाल्यावर आदिनाथच्या मोबाईलवर तुझा निरोप आला. माझ्या धाकट्या भावाशी तुझं अजून गूळपीठ आहे हे मला माहीत होतं. थेट मला विचारायची तुझी छाती झाली नाही, हेही त्या निमित्तानं कळलं. निरोप असा, की गोव्यात तुझी नवी बोट बांधून होत आली आहे आणि मोनिकाला घेऊन तू लांबच्या सफरीला निघतो आहेस. आधी लक्षद्वीप, मग मालदीव, तिथून श्रीलंका, जमलं तर अंदमान. बोटीचं मोठं शीड ताईच्या हातचंच हवं. मापं सोबत आहेत. कापड लॅमिनेटचं घ्यावं की विणलेल्या पॉलिएस्टरचं, तेवढं ताईला विचार. माझा ओढा लॅमिनेटकडे आहे. आणि अगदी शेवटी, चहात साखर कमी टाका म्हणावं इतक्या सहज: 'तुमचं लेबल मात्र लावू नका.' आदिनाथ ते वाचताना अडखळला. मी त्याला म्हटलं, पूर्ण वाच. मग म्हटलं, पुन्हा वाच.

मी एवढंच कळवलं की कापड मी ठरवीन आणि शीड वेळेवर येईल. तू लगेच अंगठा पाठवलास. मी काय ठरवलं, का ठरवलं, हे विचारायची तुला गरज वाटली नाही. पूर्वीही वाटत नसे. तर ती सगळी कारणं आता सांगते. निवांत बसून वाच. वेळ नसेल तरी वाच.

आधी इकडची खबर. आबांचा गुडघा धरलाय. ते आता मशीनवर बसत नाहीत, दारातल्या खुर्चीत बसून रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकच्या ताडपत्र्यांना नावं ठेवतात. कांद्याच्या आणि साखरेच्या गाड्यांच्या ताडपत्र्या अजून आपल्याकडेच येतात, शेततळ्याचं कापड जोडायचं कामही वाढलंय. राहीबाई पुणतांब्याहून सकाळच्या गाडीनं येतात आणि गाडीला उशीर झाला की रेल्वेचा उद्धार करतच आपल्या ताडपत्रीच्या कारखान्यात शिरतात. शिडांचं काम मी सोडलेलं नाही. मुंबईतले काही जुने बोटवाले अजून माझ्याकडेच येतात. ज्यांनी तुझं ऐकून मला शिंपीणबाई समजायचं ठरवलं ते येत नाहीत. कोल्हारहून तुझ्या आई एसटीच्या कंडक्टरकडे पेरूंची पिशवी देतात. तुझं नाव त्या काढत नाहीत, मीही काढत नाही. पेरू मात्र गोड असतात, आणि मी ते तुझ्या आईंचे म्हणून खाते, तुझ्या घरचे म्हणून नाही.

मुळा धरण तुला आठवतं का? आठवत असणारच, तू त्याच्यावर चांगलं पोट भरतोस. मुंबईच्या कुठल्याशा क्लबनं टाकून दिलेली बोट तू कांद्याच्या टेम्पोत घालून आणली होतीस. तिला शीड नव्हतं. तू आबांच्या मशीनकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. मी हसून हो म्हटलं. ताडपत्रीच्या घरात वाढलेली मुलगी मी, मला वाटलं, तिकोनी ताडपत्रीच तर शिवायची आहे. आमच्या धंद्यात ताडपत्रीला पोट आलं की तो दोष. पोटात पाणी साचतं, माल भिजतो, गिऱ्हाईक दारात येऊन आरडाओरडा करतं. म्हणून आबांनी लहानपणापासून एकच शिकवलेलं, ताडपत्री जमिनीवर पसरली की पाटासारखी सपाट बसली पाहिजे. मी शीड तसंच शिवलं. एक सुरकुती नाही. धरणावर नेऊन चढवलं, तर वारा सुटलेला असूनही बोट जागची हलेना. शीड नुसतं पाटी धरल्यासारखं उभं. काठावर जाळी सोडवत बसलेल्यांनी काय काय म्हणून घेतलं! एकजण ओरडला, 'अहो, त्याच्यावर शेवया वाळत घाला!' तूही त्यांच्यात सामील झालास. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

मग मी घरी येऊन विचार करत बसले. आईचं पोलकं तिच्या पेटीत होतं. ते हातात घेतलं आणि लख्ख कळलं की कापड सपाटच असतं, त्याला गोलाई येते ती टक्स घातल्यामुळे. शिडाच्या पट्ट्या जोडताना कडेला थोडं जास्त कापड आत घेतलं, मधे कमी घेतलं, की शिडाला पोट येणार आणि ते वारा धरणार. सगळं उसवलं, पुन्हा जोडलं. दुसऱ्या खेपेला मुळा धरणावर बोट अशी निघाली की तू एका हातानं सुकाणू आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरला होतास. त्या दिवसाइतकी खूश मी नंतर कधीच झाले नाही. लग्नातही नाही. हे मी तुला आता सांगते आहे ते गोडीनं नव्हे. तू काय नेलंस ते तुला नीट कळावं म्हणून.

पुढचं तुलाही ठाऊक आहे, पण तुझ्या तोंडून ते ज्या रूपात बाहेर पडतं ते ऐकून मला वाटायला लागलंय की तू खरोखरच विसरलास. मी शिडं आखायची, कापायची, शिवायची. तू मुंबई-गोव्याला नेऊन विकायचास. त्यात वावगं काही नव्हतं. तुला बोलता येतं, मला बोलायचा कंटाळा. पण हळूहळू 'आमची शिडं' ची 'माझी शिडं' झाली. क्लबातल्या लोकांनी मला कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना फरक पडला नाही. मग तुझी ती मुलाखत आली, मोबाईलवर सगळ्या श्रीरामपूरनं पाहिली ती. मुलाखत घेणारीनं विचारलं, शिवतं कोण? आणि तू म्हणालास, 'गावाकडे बायका आहेत शिवणाऱ्या.' आम्ही ती कारखान्यातच बघत होतो. राहीबाईंनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, 'आमी बायका म्हंजी काय मशिनीचं पायडल हाय व्हय? नावं न्हाईत का आमाला?' मी त्यांना पुढचं ऐकू द्या म्हटलं. तेव्हा आपण नवराबायको होतो आणि तू रात्रीच्या गाडीनं घरी येणार होतास.

आणि त्याच मुलाखतीत तू मुळा धरणाची गोष्ट सांगितलीस. पहिलं शीड सपाट शिवल्याची, काठावरचे लोक हसल्याची, शेवया वाळत घालण्याची. फक्त सपाट शीड शिवणारा तू होतास! आईच्या पोलक्यावरून टक्सची कल्पना सुचली तीही तुलाच. हर्षल, तुझ्या आईंनी उभ्या जन्मात सुई हातात धरलेली नाही, हे अख्ख्या कोल्हारला माहीत आहे. माणसं दुसऱ्याचं श्रेय लाटतात, ते मी समजू शकते. पण तू माझी चूकसुद्धा उचललीस. ती चूक माझ्या बापाच्या धंद्यातून आलेली होती, माझ्या हातातली होती, ती करायला ताडपत्रीवाल्याच्या घरी जन्मावं लागतं. ती मी रडून निस्तरली होती. तुला ती गंमत म्हणून वापरता आली, आणि लोक हसले, आणि तू किती साधा, किती जमिनीवरचा म्हणून त्यांनी तुझं कौतुक केलं. त्या दिवशी मला तुझा जो राग आला तो अजून तसाच आहे. मोनिका नंतर आली. लोकांना वाटतं मोनिकामुळे आपलं मोडलं. तसं नाही. मोनिकावर माझा राग नाही, तिला माझ्याबद्दल तू काय सांगितलं असशील याची मला कल्पना आहे आणि तिनं त्यावर विश्वास ठेवला यात तिचा दोष नाही. मीही तुझ्यावर विश्वास ठेवला होता.

तू गेल्यावर मला वाटलं होतं की तुझं पितळ उघडं पडेल. तुला कापता येत नाही. पट्टीच्या कडेला किती आत घ्यायचं ते तुझ्या डोळ्याला दिसत नाही. पण तू हुशार, तू बाहेरून तयार शिडं मागवायला लागलास आणि त्यांवर तुझं चिन्ह चिकटवायला लागलास. धंदा चालला. बोटी चालल्या. आणि आता स्वतःच्या बोटीवर, जिच्यावर तुझा स्वतःचा जीव टांगलेला असणार, तिच्यावर मात्र तुला ती बाहेरची शिडं नकोत. तिथे तुला श्रीरामपूरची बाई आठवली. बोटीचं नाव तू 'स्वयंसिद्ध' ठेवलंयस असं आदिनाथ म्हणाला. मी त्याला म्हटलं, मग स्वयंसिद्धाला शीडही स्वयं शिवू दे. तो म्हणाला, ताई, नाही म्हणून टाक. मी नाही म्हटलं नाही. इतकी चांगली संधी पुन्हा कधी चालून आली असती?

तर कापड. तुझा ओढा लॅमिनेटकडे आहे याचं मला नवल वाटलं नाही. लॅमिनेट दिसतं फार झोकात. मधे दोऱ्यांची जाळी, तिच्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, सगळं डिंकानं एकमेकांना चिकटवलेलं. हलकं असतं, ताणत नाही, जो आकार दिला तो धरून बसतं. वारा कमी असला तरी बोट पळते. कॅमेऱ्यातही उठून दिसतं. शर्यतीची बोट असती तर मीही तेच म्हटलं असतं. विणलेलं पॉलिएस्टर त्या मानानं अगदी गरीब. जड, पांढरं, आडव्या-उभ्या धाग्यांचं साधं कापड. ते काही वर्षांनी तिरकं ताणतं, पोट ढिलं पडतं, बोट थोडी सुस्तावते. त्याच्यासमोर उभं राहून कोणी फोटो काढून घेत नाही.

पण मी ऐकीव माहितीवर कापड ठरवत नाही. दोन्हींचे तुकडे माझ्याकडे आधीपासूनच होते. मागच्या उन्हाळ्यात, तुझा निरोप यायच्या कितीतरी आधी, मी ते कारखान्याच्या पत्र्यावर विटा ठेवून टाकले होते. श्रीरामपूरचं ऊन तुला माहीत आहे, मे महिन्यात त्या पत्र्यावर पापड भाजतील. अधूनमधून वर चढून तुकड्यांच्या घड्या घालायचे, घड्या मोडायचे, वाऱ्यात फडफडू द्यायचे. पावसाळ्यात ओलेच गुंडाळून ठेवले. लॅमिनेटनं उन्हाळा तोरा मिरवत काढला. पावसाळा संपताना उलगडलं तर घडीच्या जागी पापुद्रा सुटलेला, दुधावरची साय बोटानं उचलावी तसा निघून येत होता, आणि दोन थरांच्या मधे काळ्या बुरशीचे ठिपके. ते धुऊन निघत नाहीत, आत असतात. मी दोन्ही टोकांना धरून झटका दिला, तर आधी काही कुरकुर न करता एकदम फाटलं. विणलेलं मळलं होतं, मऊ पडलं होतं. त्याला झटके देऊन देऊन माझेच हात दुखले.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला निरोप येताक्षणीच माहीत होतं. महिनोन्महिने पाण्यावर राहणाऱ्या बोटीला, जिथे ऊन, खारं पाणी, दमट हवा आणि रोजची फडफड आहे, तिथे विणलेलंच हवं. मधे कुठे उसवलं तर माणूस बोटीवर बसून सुई-दोऱ्यानं टाके घालू शकतो. लॅमिनेट तिथल्या तिथे शिवायला जावं तर सुईच्या भोकांच्या रेषेतच ते टरकतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि म्हणूनच, हर्षल, मी लॅमिनेट मागवलं.

हो. मागवलं, आणि कारखान्याच्या फरशीवर अंथरलं. तुला हवं ते तुला द्यायचं, त्यात माझ्याकडे बोट दाखवायला जागाच नव्हती. तूच म्हणाला होतास, ओढा लॅमिनेटकडे आहे. मालदीव आणि श्रीलंकेच्या मधे कुठेतरी, किनारा दिसेनासा झाल्यावर, तो पापुद्रा सुटला असता. मी ते मनात अनेकदा पाहिलं. तू सुकाणूवर उभा आहेस, वर बघतोस, आणि तुझ्या चेहऱ्यावरचं ते क्लबातलं हसू जातं. राहीबाईंना न सांगताच सगळं समजलं होतं. त्या म्हणाल्या, 'शिवा, शिवा बाई. लई झोकात शिवा. मधी पान्यात टरकलं म्हंजी बगा कसा तुमचं नाव घिऊन वरडतोय.' मी खडूनं पहिली रेघ मारली. दुसरी मारली. मला त्यात फार सुख वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

मग हात थांबला. तुझी दया आली असं समजू नकोस. मोनिकाचा विचार आला, तो येणारच होता. ती त्या बोटीवर असणार आणि तिनं माझं काही वाकडं केलेलं नाही. तेवढं एक पुरेसं होतं. पण दुसराही विचार आला, आणि तो मला जास्त झोंबला. शीड भर समुद्रात फाटलं आणि तू वाचलास तर काय करशील? तू त्याची गोष्ट करशील! वादळात शीड फाटलं, तरी मी डगमगलो नाही, चादरी जोडून बोट किनाऱ्याला लावली. लाखो लोक बघतील ते. माझी मुळा धरणावरची चूक विकलीस, तसाच माझा सूडही तू विकशील, आणि पुन्हा त्यात माझं नाव कुठे नसेल. लेबल नाही ना! मी खडू टाकून दिला. ते लॅमिनेट राहीबाईंनी घरी नेलंय, त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यावर घातलंय, शेळ्या खूश आहेत.

त्यानंतर मी जे शीड शिवलं तसं आजवर कोणाचंच शिवलेलं नाही. कापड विणलेलं पॉलिएस्टर, मिळालं त्यात सगळ्यात घट्ट विणीचं. प्रत्येक जोडावर तिहेरी नागमोडी शिलाई, दोरा उन्हाला पुरून उरणारा. कोपऱ्यांत कापडावर कापड, थरावर थर, आणि जिथे दोर घासणार तिथे चामडं. वारा वाढला तर शीड आखूड करायला तीन जागा केल्या आहेत, दोनावर भागवता आलं असतं. टक्स मी एकटीनं घातले, राहीबाईंनाही हात लावू दिला नाही. हे शीड फाटणार नाही. वादळातही फाटणार नाही. मोनिकाला सांग, निर्धास्त राहा.

आता राहिलं लेबल. तू म्हणालास लावू नका, मी लावलेलं नाही. कोपरे तपासून बघ, कुठेही चिकटवलेलं, छापलेलं, टाचलेलं काही नाही. पण आमच्या घरात एक जुनी पद्धत आहे. साखर कारखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या ट्रकवरच्या ताडपत्र्या चोरीला जायच्या. रंगानं लिहिलेलं मालकाचं नाव चोर रॉकेलनं पुसून टाकायचे. म्हणून आबांनी नाव लिहायचं सोडून दिलं आणि नाव कापायला सुरुवात केली. अक्षराच्या आकाराचं कापड कापून काढायचं आणि त्या भोकात दुसऱ्या कापडाचं अक्षर बसवून चारही कडांनी शिवून टाकायचं. नाव काढायचं तर ताडपत्रीला तेवढी भोकं पडतात. तुझं शीड शिवून झालं तेव्हा मी आबांना आत बोलावलं. गुडघा धरून धरून ते फरशीवर बसले, कात्री हातात घेतली आणि सवयीनं विचारलं, 'मालकाचं नाव काय घालायचं?' मी म्हटलं, माझं घाला, आणि गावाचंही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. 'पायजेच,' एवढंच म्हणाले आणि कापायला लागले.

अक्षरं पुरुषभर उंचीची आहेत. शिडाचं कापड पांढरं, अक्षरांचंही पांढरंच, फक्त दुप्पट जाड. घडीत, डेकवर, सावलीत काहीही दिसत नाही, इतक्या शिलाया आहेत की त्यात ह्याही खपून जातात. मी कारखान्याच्या अंगणात चढवून बघितलं. मागून ऊन आलं की पातळ कापड उजळतं आणि जाड कापड काळपट राहतं, रस्त्यापलीकडच्या टपरीवरून वाचता आलं. लॅमिनेटमध्ये हे करताच आलं नसतं. त्यातले ताण धरणारे धागे कापले की शीड गेलंच. विणलेल्यात काठानं नीट शिवलं तर ते जन्मभर धरून राहतं. उसवायला गेलास तर मात्र तुझ्या मोठ्या शिडात मधोमध माझ्या नावाच्या आकाराची भोकं पडतील.

तुझा मुहूर्त संध्याकाळचा आहे, क्लबातली सगळी मंडळी जेट्टीवर पश्चिमेकडे तोंड करून उभी राहणार आहेत आणि सगळं थेट दाखवणार आहात, हे आदिनाथनं सांगितलं. म्हणून टेम्पो मी असा सोडणार आहे की शीड त्याच दिवशी दुपारी पोचेल आणि ते आधी चढवून बघायला तुला सवड मिळणार नाही. हे पत्र शिडाच्या पिशवीच्या तळाच्या खिशात, सुई-दोऱ्याशेजारी ठेवते आहे, कारण शीड वर गेल्याखेरीज रिकामी पिशवी घडी घालायला तू कधीच उचलत नाहीस. म्हणजे तू हे वाचतो आहेस तेव्हा ते वर गेलेलं आहे, सूर्य त्याच्या मागे आहे, आणि तू डोलकाठीच्या बुडाशी उभा असल्यामुळे लोक कशाकडे बघत होते ते तुला आत्ता समजतंय. जेट्टीवर 'धनश्री, श्रीरामपूर' वाचून झालेलं आहे. मोनिका पहिली विचारेल, तिला खरं सांग. क्लबवाले विचारतील. पुढे मालदीवला, श्रीलंकेला कोणाला देवनागरी येणार नाही, म्हणून प्रत्येक बंदरात कोणी ना कोणी शिडाकडे बोट दाखवून विचारेल की हे काय लिहिलंय, आणि दर वेळी तुझ्या तोंडानं तुला माझं नाव घ्यावं लागेल. लॅमिनेट वर्षभरातच मेलं असतं, हर्षल. मला तुला इतक्या लवकर मोकळं करायचं नव्हतं, म्हणून विणलेलं निवडलं.

तुझीच, कापड टिकेल तोवर,
धनश्री